टीकाकारांच्या नजरेतून प्रभू येशू



येशूवर टीका करणारे पुस्तक निघाले की आपण अस्वस्थ होतो. पण ही टीका नवी नाही. इ. स. १७८ च्या सुमारास सेल्सस या ग्रीक तत्त्वज्ञाने ‘सत्य वचन’ हा ग्रंथ लिहिला. त्याच्या मते येशू सूत कातणाऱ्या एका गरीब बाईचा मुलगा. इजिप्तमध्ये जादू शिकला आणि नावाडी, जकातदार अशा दहा-अकरा जणांना घेऊन हिंडला. चमत्कार खरे मानले तरी ती जादूच! पुढे १८६३ साली फ्रेंच लेखक रेनाँ यांनी नेमके उलटे केले. येशू या माणसाची त्यांनी थोरवी गायिली आणि चमत्कार मात्र नाकारले.

सेल्ससचा एक प्रश्न खरोखर बोचरा आहे. येशू मरणातून उठला, तर ज्यांनी त्याला शिक्षा दिली त्यांना तो का दिसला नाही?

सुमारे २४८ साली ओरिजेन यांनी आठ खंडांत उत्तर लिहिले. सेल्ससची वाक्ये आधी उतरवून घेतली, मग खोडली. मूळ ग्रंथ नष्ट झाला. आज सेल्सस कळतो तो ओरिजेन यांच्यामुळेच. ते म्हणतात, रूपांतराच्या वेळीही येशूने तिघांनाच डोंगरावर नेले. ते तेज सर्वांना पेलणारे नव्हते.

सेमिनरीत असताना मला हे उत्तर अपुरे वाटले होते. आजही पूर्ण समाधान होत नाही. पण प्रेषितांची कृत्ये १०:४१ वाचा. उठलेला प्रभू सर्व लोकांना नव्हे, तर देवाने निवडलेल्या साक्षीदारांना दिसला, हे सेल्ससच्या आधी पेत्रानेच सांगून टाकले आहे.