मामाच्या ऑफिसचा स्विच

कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझं मराठी जरा कच्चं आहे, सांभाळून घ्या. विषय मात्र पक्का आहे, कारण त्यात मी स्वतः तोंडघशी पडलोय!

अंधेरी ईस्टला माझ्या मामाचं टॅक्स कन्सल्टंटचं छोटं ऑफिस आहे. 12 कॉम्प्युटर, 1 सर्व्हर, 2 प्रिंटर आणि राउटर. मागच्या वर्षी नेटवर्क नवीन करायचं ठरलं. मामा म्हणाला, "तू इंजिनीअर होतोयस ना? मग तूच आण." मी लॅमिंग्टन रोडवर चार दुकानं फिरलो, पोर्ट मोजले आणि सगळ्यात स्वस्त तो उचलला. 16 पोर्ट, 10/100, अनमॅनेज्ड.

पहिल्याच आठवड्यात तक्रार, फाइल उघडत नाही. 100 एमबीपीएस म्हणजे सेकंदाला फार तर 12.5 मेगाबाइट. 12 जण एकाच सर्व्हरवरून ओढणार, म्हणजे माणशी एकच मेगाबाइट! पोर्ट किती हे मी मोजलं, कुठल्या पोर्टवर गर्दी होणार हे नाही. पोर्टही सगळे भरलेले, म्हणून टेबलाखाली अजून एक 5 पोर्टचा डबा आला.

खरा घोटाळा 20 तारखेला झाला, जीएसटीआर-3बी भरायच्या शेवटच्या दिवशी. झाडताना कोणाला तरी वायरचं मोकळं टोक दिसलं, त्याने ते त्याच डब्यात खोचलं. झाला लूप! ब्रॉडकास्ट फ्रेम आली की स्विच ती बाकी सगळ्या पोर्टांवर पाठवतो. लूपमधून ती परत येते, पुन्हा पाठवली जाते... आयपी पॅकेटला असतो तसा टीटीएल इथरनेट फ्रेमला नसतो, त्यामुळे ती मरतच नाही. सगळे दिवे एकदम लुकलुकत होते आणि नेटवर्क ठप्प. मोबाइलवर पोर्टल उघडत होतं, पण आकडे सर्व्हरवर अडकलेले.

हॉस्टेलवरून मी फोनवर ऐटीत सांगितलं, "रीस्टार्ट कर." लूप तसाच असताना रीस्टार्टने काय होणार, कपाळ! शेवटी लोकल पकडून गेलो, एकेक वायर उपटत बसलो. दोन क्लायंटांचे रिटर्न राहिलेच. लेट फी मामाने स्वतःच्या खिशातून भरली. मला काही बोलला नाही, तेच जास्त लागलं.

यावरचा उपाय, स्पॅनिंग ट्री, रेडिया पर्लमन यांनी 1985 मध्येच शोधलाय. मी तो परीक्षेसाठी पाठही केला होता!

आता मध्यभागी 24 पोर्टचा गिगाबिट स्मार्ट स्विच आहे, स्पॅनिंग ट्री आणि लूप प्रिव्हेन्शनवाला. टेबलाखालचा डबा तसाच ठेवलाय. तिथे लूप झालाच तर स्मार्ट स्विच तेवढा एक पोर्ट बंद करतो, बाकी ऑफिस चालू राहतं. पीओई घेतलं नाही. कॅमेरे नसताना त्याचे पैसे का मोजायचे? वायरी मात्र तपासाव्या लागल्या. 100 ला दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात, आणि जुन्या वायरमनने काही ठिकाणी दोनच क्रिंप केल्या होत्या.

मोकळ्या पोर्टांवर मामाने चिकटपट्टी लावली आहे. वर स्केचपेनने लिहिलंय, "भाच्याला विचारल्याशिवाय हात लावू नये."