आधी पाण्याचं कलम लिही

सेक्रेटरी झालीस आणि पहिलाच अर्ज आला तो मागच्या अंगणात फरशी टाकून वर शेड घालायचा, म्हणून सांगतो. रो-हाउसच्या सोसायटीत भांडणं फरशीच्या रंगावरून होत नाहीत, उतारावरून होतात. रंग, नक्षी ज्याची त्याला ठरवू दे. नियमावलीत पहिलं कलम पाण्याचं घाल: उतार घरापासून बाहेर, मीटरला निदान एक सेंटिमीटर, आणि पाणी पावसाळी गटारात जाईल, शेजाऱ्याच्या भिंतीकडे मुळीच नाही. फरशी जोत्याच्या वरच्या कडेपासून सहा इंच तरी खाली राहू दे, नाहीतर भिंतीत ओल चढते. चेंबरवर काँक्रीट ओतू द्यायचं नाही, झाकण उघडता आलंच पाहिजे. लोकांना हे कलम किरकोळ वाटतं गं, पण जुलैत चेंबर तुंबला की फोडायचं कोणी आणि खर्च कोणाचा यावरून वर्षानुवर्षांचा शेजार तुटतो. जमेल तिथे वाळूवर पेव्हर ब्लॉक बसवायला सांग. थोडं पाणी मुरतं, आणि पाइप दुरुस्त करायचा झाला तर ब्लॉक उचलून परत लावता येतात.

छपराचा अर्ज मात्र वेगळा घे. घराभोवतीची सामासिक जागा मंजूर नकाशात मोकळी दाखवलेली असते. तिथे शेड टाकायची तर आधी महापालिकेला विचारावं लागतं. सोसायटीचा ठराव त्याला पुरत नाही. विनापरवाना काम झालं, तर १९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्याखाली नोटीस येऊ शकते. आपल्या परवानगीच्या पत्रात हे ठळक लिही, म्हणजे उद्या कोणी सोसायटीकडे बोट दाखवणार नाही.

चौघांनी बसून नियम करू नका, सर्वसाधारण सभेपुढे ठेवा. उपविधीच बदलायचे असतील तर दोन-तृतीयांश मतं हवीत, आणि निबंधकांकडे नोंद होईपर्यंत तो बदल लागू होत नाही. त्याआधी सगळ्या अंगणांचे फोटो नि मापं रजिस्टरला लावून टाक, सुरुवात अध्यक्षांच्या घरापासून. जुनं काय आणि नवं काय, हा वाद तिथेच मिटतो.

अर्जाला तीस दिवसांत लेखी उत्तर जाईल असं ठरवून घे. नकार असेल तर कारण लिही. दुपारी दोन ते चार ठोकाठोक बंद. अनामत घ्यायची ती राडारोड्यासाठी. रस्ता झाडून झाला की त्याच आठवड्यात परत दे.