शुभंकराची दमछाक

ह्यांना पार्किन्सन्स झाल्याचं न्यूरोलॉजिस्टनी सांगितलं, त्याला आता बरीच वर्षं झाली. पुण्यातल्या पार्किन्सन्स मित्रमंडळात आजारी माणसाला शुभार्थी म्हणतात आणि त्याची काळजी घेणाऱ्या घरच्या माणसाला शुभंकर. मी शुभंकर आहे. शुभार्थीचा कंप, गोळ्या, आहार, व्यायाम यांवर पुष्कळ बोललं जातं. शुभंकराची दमछाकही त्याच आजाराचा भाग आहे आणि ती डॉक्टरांना कंपाइतक्याच स्पष्टपणे सांगायला हवी, असं माझं ठाम मत झालं आहे.

१. थकवा झोपेनं जातो, दमछाक जात नाही.

या दमछाकीसाठी वापरला जाणारा ‘बर्नआउट’ हा शब्द अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी १९७४ साली वापरात आणला. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये त्याची तीन लक्षणं नोंदली: अंगातली शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामाबद्दल मनात दुरावा येणं आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटत राहणं. संघटनेनं ही व्याख्या नोकरी-व्यवसायापुरती ठेवली आहे. घरी माणूस सांभाळणाऱ्याला रजा नाही, बदली नाही, निवृत्ती नाही. ती तिन्ही लक्षणं मात्र त्याला जशीच्या तशी लागू पडतात.

२. रडू येण्याच्या आधी कोरडेपणा येतो.

पार्किन्सन्समध्ये चेहऱ्याचे स्नायू ताठरतात. माणूस आतून हसत असतो, चेहऱ्यावर काही उमटत नाही. आवाज बारीक होतो, बोलणं एकसुरी होतं. आवडीची अळूची भाजी समोर ठेवली, अंघोळीनंतर स्वच्छ सदरा घातला, तरी समोरून काही पोचत नाही. त्यांना आवडलेलं असतं, हे डोक्याला कळतं, पण मन रोज एखाद्या खुणेची वाट पाहतं आणि ती येत नाही. मग आपलाही चेहरा हळूहळू तसाच होतो. बटणं लावताना हात घाई करतात. ‘चला’, ‘उठा’, ‘गिळा’ एवढंच बोलणं उरतं. बहिणीचा फोन वाजताना दिसतो आणि उचलावासा वाटत नाही. स्वतःची बीपीची गोळी संपून चार दिवस झालेले असतात, ह्यांची मात्र एकही चुकलेली नसते. या खुणा रडण्याच्या खूप आधी दिसतात आणि घरात कुणी त्यांना आजार म्हणत नाही. उलट ‘किती खंबीर आहे’ असं कौतुक होतं.

यावर मला उपयोगी पडलेली गोष्ट साधी आहे. ह्यांना शब्दांत विचारायचं. ‘भाजी आवडली का?’ असं विचारलं की उत्तर येतं, बारीक आवाजात येतं, पण येतं. चेहऱ्यावर शोधत बसायचं नाही.

३. शुभंकराची झोप हा डॉक्टरांचा विषय आहे.

रात्री औषधाचा असर उतरतो, मग कूस बदलता येत नाही. लघवीला उठवावं लागतं. काहींना स्वप्नात ओरडायची, हातपाय झाडायची सवय लागते, तीही याच आजाराचा भाग असू शकते. त्यांची झोप मोडली की आपलीही मोडते. पुढच्या तपासणीला ‘मी रात्री इतक्या वेळा उठते’ असं कागदावर लिहून न्यावं. त्यावरून डॉक्टर रात्रीच्या गोळीचा प्रकार किंवा वेळ बदलू शकतात. युरिन पॉट पलंगाशी ठेवणं, गुळगुळीत कापडाची चादर घालून कूस वळायला सोपी करणं, अशा गोष्टी फिजिओथेरपिस्ट सांगतात. ‘तुमचं कसं चाललंय?’ असं डॉक्टरांनी विचारलं नाही, तर आपण सांगायचं. काळजी घेणाऱ्यावरचा भार मोजायला झारिट यांची बावीस प्रश्नांची प्रश्नावली असते, तीही मागून घेता येते.

४. ‘काही लागलं तर सांग’ याला उत्तर तयार ठेवा.

हे म्हणणारी माणसं मनापासून म्हणतात. काय करायचं ते त्यांना माहीत नसतं, एवढंच. माझ्या नणंदेला मी गुरुवारची दुपार मागितली. ती ह्यांच्याशी पत्ते खेळते. पानं हातात धरता येत नाहीत म्हणून लाकडी पट्टीला खाच पाडून त्यात उभी करते. परदेशातल्या मुलाकडे औषधांची ऑर्डर, विम्याची कागदपत्रं आणि विजेचं बिल दिलं. शेजारचे काका संध्याकाळी ह्यांना सोसायटीत फिरवून आणतात. पाय जमिनीला चिकटल्यासारखे झाले तर ओढायचं नाही, फरशीची रेघ दाखवून ‘ही ओलांडा’ म्हणायचं, हे त्यांना शिकवलं. मोघम मदत कुणी करत नाही. वार, वेळ आणि काम सांगितलं की करतात.

सुनेनं, बायकोनं केलं की ते कर्तव्य आणि मुलानं केलं की त्याचा सत्कार, ही आपल्याकडची जुनी वाटणी आहे. देशाच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत, घरातल्यांची विनामोबदला काळजी घेणाऱ्या बायका दिवसाला १३४ मिनिटं त्यात घालवताना दिसल्या आणि पुरुष ७६. मुलाकडे काम मागताना बाईनं संकोचू नये.

५. बाई ठेवणं म्हणजे टाकून देणं नव्हे.

रुग्णसेवेच्या ब्युरोतून दिवसाची माणसं मिळतात, चार तासांची कुठे कुठे मिळतात. खर्च सगळ्यांना झेपत नाही. झेपत असेल तर पलंगाला खिळण्याची वाट पाहू नये. पहिले काही दिवस आपण घरातच थांबून गोळ्यांच्या वेळा समजावाव्यात. पार्किन्सन्सवरची लेव्होडोपाची गोळी जेवणाच्या साधारण अर्धा तास आधी देतात, कारण प्रथिनांमुळे काहींना तिचा असर कमी जाणवतो. हे नव्या माणसाला ठाऊक नसतं. मग बाहेर पडावं. ‘त्यांना सोडून गाण्याला गेलीस?’ असं विचारणारं कुणी भेटतंच. त्यांना उत्तर देण्यात शक्ती घालवू नये.

६. ‘हे कधी संपणार’ असं मनात येतं.

जवळपास प्रत्येक शुभंकराच्या मनात येतं. याचा अर्थ प्रेम आटलं असा नाही. हे घरातल्या माणसांपुढे बोलता येत नाही, म्हणून दुसऱ्या शुभंकरापाशी बोलावं. पण स्वतःला काही करून घ्यावंसं वाटलं, किंवा आजारी माणसावर हात उचलला जाईल अशी भीती वाटली, तर थांबू नये. त्या क्षणी दुसऱ्या कुणाला घरात बोलवावं आणि त्याच दिवशी मदत घ्यावी. मानसिक आरोग्यासाठीच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, चोवीस तास, मोफत, आणि मराठीत बोलता येतं. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही एल्डरलाइन आहे, सकाळी आठ ते रात्री आठ.

७. आपल्यासारखी माणसं शोधा.

मित्रमंडळाच्या सभेत कुणालाही पहिल्यापासून सांगावं लागत नाही. ‘आज ऑफ झाले’, म्हणजे गोळीचा असर उतरला, असं म्हटलं की सगळ्यांना कळतं. पुण्यात हृषीकेश पवार पार्किन्सन्सच्या रुग्णांसाठी नृत्याचे वर्ग घेतात. तिथे शुभार्थी नाचतात, तेव्हा शुभंकरांना एकमेकांशी बोलता येतं. पुरुष शुभंकर मात्र अशा ठिकाणी कमी बोलतात. बायकोला जेवण भरवणारे, तिची वेणी घालणारे कितीतरी आजोबा आहेत आणि त्यांची दमछाक कुणी विचारत नाही. त्यांना मुद्दाम बोलतं करायला हवं. स्मृतिभ्रंश असेल तर अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था १९९२ पासून काम करते. व्यसनाधीन माणसाच्या घरच्यांना मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राकडून आधार मिळतो. आपलं दुखणं वेगळं असेल तर डॉक्टरांकडे बाहेर बसलेल्या बाईशी बोलायला सुरुवात करावी, पुष्कळ गट तसेच उभे राहिले आहेत.

८. आपण आजारी पडलो तर?

फ्रिजवर एक कागद लावा. गोळ्यांची नावं, वेळा, डॉक्टरांचा फोन, विम्याची फाइल कुठे आहे, गिळताना कशाचा ठसका लागतो, भीती वाटली की कुठलं गाणं लावायचं. कागद वाचून नणंदेसारख्या जवळच्या व्यक्तीला एक पूर्ण दिवस एकटीनं पार पाडायला सांगा. तिला जिथे अडेल ते कागदात भरा. डोस बदलत राहतात, म्हणून पेन्सिलीनं लिहा.