श्रद्धा, आहार आणि प्रसन्न चित्त: व्यापाऱ्याच्या आरोग्याचा विचार

व्यापारी माणूस आपल्या मालाची जितकी काळजी घेतो तितकी आपल्या देहाची घेत नाही, हे आम्ही निपाणीच्या पेठेत बसून अनेक वर्षे पाहत आलो आहोत. वखारीत ओल शिरल्याची नुसती शंका आली तरी मध्यरात्री कंदील घेऊन धावणारा गृहस्थ स्वतःच्या छातीत कळ आली असता ‘वायू धरला असेल’ असे म्हणून ओवा चावतो आणि पुन्हा गादीवर जाऊन बसतो. वर्षअखेरीस हिशेबाच्या वह्यांचा मेळ घालण्यासाठी तो चार रात्री जागेल; पण रक्तदाब मोजून घेण्यास त्याला सवड होत नाही. स्मरणिकेच्या या पानांतून प्रतिवर्षी भावांची, करांची व कायद्यांची चर्चा होते. या खेपेस ज्या भांडवलावर ही सर्व उलाढाल चालते त्या देहाविषयी आणि मनाविषयी दोन शब्द लिहावेत असे आम्ही योजिले आहे.

आरोग्य म्हणजे केवळ रोग नसणे नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेची घटना १९४८ साली अमलात आली, तिच्यात शारीरिक, मानसिक व सामाजिक स्वास्थ्य मिळून आरोग्य होते असे म्हटले आहे. आपल्याकडे सुश्रुताने स्वस्थ पुरुषाचे वर्णन करताना दोष, अग्नी व धातू यांच्या समतेबरोबर आत्मा, इंद्रिये आणि मन यांची प्रसन्नताही गणली आहे. म्हणजे पूर्वेचे व पश्चिमेचे मत या एका बाबतीत एकच आहे. प्रश्न एवढाच उरतो, की ज्या घरांत धर्माचे संस्कार, शुद्ध आहार आणि नियम ही तिन्ही पिढ्यान्‌पिढ्या चालत आली, त्या आपल्या घरांत मधुमेह, रक्तदाब व हृदयविकार यांनी मुक्काम का ठोकावा?

प्रथम श्रद्धेचा विचार करू. श्रद्धेने रोग बरा होतो असे आम्ही म्हणत नाही. तसे म्हणणे वाचकांची दिशाभूल करणे होईल. परंतु श्रद्धा माणसाच्या दिवसाला एक आखीव रूप देते आणि या आखीवपणाचा लाभ शरीरास होतो, हे निःसंशय. सामायिकाचा काळ दोन घटिकांचा, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटांचा. तेवढा वेळ दूरध्वनी नाही, दलालाचा निरोप नाही, उधारीची आठवण नाही. दिवसातून एकदा तरी श्वास संथ होतो आणि जबड्यावरचा ताण सुटतो. पहाटे उठून स्तवनिधीच्या वाटेने पायी जाणाऱ्या आपल्या वडीलधाऱ्यांना कोणी ‘व्यायाम करता काय?’ असे विचारले असते तर ते हसले असते. ते दर्शनाला जात होते. व्यायाम आपोआप घडत होता.

आपल्या परिसरातील एक थोर उदाहरण येथे सांगण्याजोगे आहे. निपाणीजवळ, वेदगंगा व दूधगंगा यांच्या संगमावरील भोज गावच्या पाटील घराण्यातील सातगौडा हेच पुढे आचार्य शांतिसागर महाराज झाले. १८७२ साली जन्मलेल्या या पुरुषाने १९२० मध्ये मुनिदीक्षा घेतली आणि त्यानंतरची पस्तीस वर्षे दिवसातून एकदाच, उभ्याने, ओंजळीत आहार घेतला. मध्ये अनेक उपवास केले आणि पायीच देशभर विहार केला. १९५५ साली कुंथलगिरीवर त्यांनी देह ठेवला तेव्हा त्यांचे वय त्र्याऐंशी वर्षांचे होते. त्यांची अखेरची सल्लेखना हा धर्माचा विषय आहे, आरोग्याचा नव्हे. आम्हांस सांगावयाचे आहे ते तिच्या आधीच्या दीर्घ आयुष्याविषयी. अर्थात एका महापुरुषाच्या उदाहरणावरून सर्वांना लागू पडेल असा नियम काढता येत नाही. ते शेतकऱ्याच्या घरात वाढले होते आणि आयुष्यभर चालले. आपण गादीवर बसून त्यांच्या उपवासांचे अनुकरण करू लागलो तर फळ तेच मिळेल असे नाही.

आता आहार. या विषयात आपल्याजवळ मोठे धन आहे आणि तेच आपण उधळीत आहोत. सूर्यास्तापूर्वी अंथऊ उरकण्याची रीत घ्या. रात्री जीवजंतूंची हिंसा घडू नये हा तिचा धार्मिक हेतू. परंतु शरीरातही एक घड्याळ असते, ही गोष्ट आता विज्ञानाने पक्की केली आहे. त्या घड्याळाची यंत्रणा शोधणाऱ्या तीन अमेरिकी शास्त्रज्ञांना २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. दिवसा खाल्लेल्या अन्नातील साखर शरीर जितक्या सहजतेने जिरविते तितकी रात्री उशिरा जिरवीत नाही. पाणी गाळून व उकळून पिण्याच्या नियमाने पटकी, विषमज्वर व कावीळ यांच्यापासून किती घरांना वाचविले असेल याची मोजदाद नाही. ऊनोदरी म्हणजे भुकेपेक्षा चार घास कमी खाणे. बाह्य तपांत उपवासाच्या लगेच पुढे हिची गणना होते. पण उपवासाची मिरवणूक निघते, ऊनोदरीची निघत नाही. म्हणून की काय, ती कोणी करीत नाही.

आमच्या मते आपली खरी चूक येथेच आहे. आपण वर्ज्य पदार्थांची यादी पाठ केली आणि तिच्यामागील संयम विसरलो. कांदा, लसूण, बटाटा ताटात नाही याचे समाधान मानून आपण तळलेले फरसाण, पापड, लोणचे, जिलेबी आणि वर साखर घातलेला चहा दिवसातून सहा वेळा घेतो. कंदमूळ टळले, तळण टळले नाही. आयंबिलाची ओळी चैत्रात व आश्विनात येते. त्या नऊ दिवसांत तूप, तेल, दूध, दही, साखर सर्व बंद. जिभेला असा धडा देणारी दुसरी पाठशाळा आम्हांस ठाऊक नाही. परंतु पारण्याच्या दिवशी त्या नऊ दिवसांची भरपाई एका पंगतीत होते! दिवसाचे मीठ एकंदर पाच ग्रॅमहून, म्हणजे सपाट चहाच्या चमच्याहून कमी असावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्या घरातील पापड-लोणचे मोजावयास घेतले तर सकाळच्या जेवणातच ते संपेल.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या व २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत भारतात मधुमेहाचे दहा कोटींहून अधिक रुग्ण असल्याचा अंदाज निघाला. बैठ्या धंद्याचे लोक त्यांत मागे असतील असे मानण्यास काही आधार नाही. आणखी एक गोष्ट भगिनींनी विशेष ध्यानी घ्यावी. ‘ब-१२’ नावाचे जीवनसत्त्व वनस्पतिज अन्नात नसते. शाकाहारी माणसास ते मुख्यतः दूध, दही, ताक यांतून मिळते. हातापायांना मुंग्या येणे, विसर पडणे, थकवा ही लक्षणे वयाला किंवा दृष्टीला चिकटवून न देता एकदा रक्त तपासून घ्यावे. गोळी घेतल्याने धर्म बुडत नाही. एरवी आपल्या भागातील जोंधळ्याची भाकरी, मुगाची आमटी, पालेभाजी आणि ताक यांहून उत्तम ताट शहरांतील आहारतज्ज्ञही सांगणार नाहीत.

उपवासाविषयी एक अनुभव लिहिल्यावाचून राहवत नाही. आमच्या जवळच्या एका वृद्ध आप्तांनी पर्युषणात अठ्ठाई आरंभिली. मधुमेहाच्या गोळ्या त्यांनी नित्याप्रमाणे चालू ठेवल्या. पोटात अन्न नाही आणि गोळी साखर उतरवीत आहे, हे कोणाच्याच ध्यानी आले नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे त्यांना दरदरून घाम फुटला आणि शुद्ध हरपली. वेळीच शिरेतून साखर मिळाली म्हणून ते वाचले. शुद्धीवर येताच त्यांनी प्रथम विचारले ते हे, की तप भंगले काय? त्या प्रश्नाने आम्हांस जितके गहिवरून आले तितकाच रागही आला. आणि तो राग आमच्या स्वतःवर होता, कारण त्यांचा उपवास ठरला तेव्हा बैठकीत आम्हीही अनुमोदन देत बसलो होतो. मधुमेही, मूत्रपिंडाचे रुग्ण, गर्भवती आणि अतिवृद्ध यांनी, विशेषतः पाण्यावाचूनच्या उपवासाआधी, आपल्या डॉक्टरांना विचारावे. सहा बाह्य तपांच्या शेजारी सहा अंतरंग तपेही सांगितली आहेत. स्वाध्याय आहे, विनय आहे, आजाऱ्याची सेवा म्हणजे वैयावृत्त्य आहे. ज्यास उपवास झेपत नाही त्यास धर्माचे दार बंद झालेले नाही.

आणि मन? क्रोध, मान, माया, लोभ या चार कषायांना आपण प्रवचनात ओळखतो, पेढीवर ओळखत नाही. भाव उतरला की मुनिमावर ओरडणे, वाटणीत गेलेल्या एका खोलीपायी सख्ख्या भावाचे तोंड वीस वर्षे न पाहणे, यांचा हिशेब शरीर ठेवीत असते. १९९५ साली बोस्टन येथील संशोधकांनी हृदयविकाराच्या रुग्णांच्या मुलाखतींवरून दाखविले, की संतापाच्या उद्रेकानंतरच्या दोन तासांत झटक्याचा धोका एरवीच्या दुपटीहून अधिक होतो. त्याच शहरात १९३८ पासून चालू असलेल्या हार्वर्डच्या दीर्घ अभ्यासात, उतारवयातील प्रकृतीचा आपुलकीच्या संबंधांशी निकटचा संबंध आढळला. संवत्सरीला आपण क्षमापनेची पत्रे छापतो. आता तर एकच संदेश एका क्षणात पाचशे जणांना धाडतो. मुंबईच्या आडत्याची क्षमा मागून होते, पण समोरच्या दुकानातील चुलतभावाकडे रस्ता ओलांडून कोणी जात नाही. जे गेले आहेत त्यांनी आम्हांस सांगितले, की त्या रात्री त्यांना गाढ झोप लागली. हे शास्त्रीय प्रमाण नव्हे. आम्ही ऐकले ते लिहिले.

शेवटी एक अवघड गोष्ट. गुजरातचे चरोतर आणि आपली निपाणी हे विडीच्या तंबाखूचे देशातील दोन नामांकित मुलूख. आपल्यांपैकी अनेकांची घरे, शिक्षणे आणि देणग्या याच मालातून उभ्या राहिल्या. ते नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. आपल्या शास्त्रातील सप्तव्यसनांच्या यादीत तंबाखू नाही. असणार कशी? ही वनस्पती पोर्तुगिजांबरोबर समुद्रापलीकडून फार नंतर आली. परंतु यादीत नाव नाही एवढ्याने ती निरुपद्रवी ठरत नाही. मिश्री, तपकीर व विडी यांपासून आपल्या घरातील माणसे दूर राहावीत असे आपणांस वाटते. मग वखारीत दिवसभर माल चाळणाऱ्या, पदराने नाक झाकून खोकणाऱ्या बायकांच्या छातीचे काय? पाणी गाळून पिणारा माणूस हवा गाळण्याचा विचार करू शकतो. हा धंदा उद्या बंद करा असे आम्ही सांगत नाही. तसे सांगणाऱ्याने आधी हजारो कुटुंबांच्या पोटाची सोय सांगितली पाहिजे. पण धूळ ओढून घेणारे पंखे, तोंडाला चांगल्या प्रतीची पट्टी, हात धुण्यास साबण व पाणी, आणि लहान मुलांना वखारीबाहेर बसण्याची सावली यांस फार भांडवल लागत नाही.

ज्या सभासदांना आपल्या वखारीतील कामगारांची छाती, रक्तदाब व साखर तपासून घेण्याची इच्छा असेल त्यांनी येत्या खरेदीच्या हंगामापूर्वी कार्यवाहांकडे नाव नोंदवावे. मालक व त्यांच्या घरची मंडळी यांनीही त्याच रांगेत उभे राहून तपासणी करून घ्यावी, अशी आमची विनंती आहे.