डेमलो संख्येचे नवल

गणित म्हणजे रुक्ष आकडेमोड, अशी पुष्कळांची समजूत असते. परंतु ज्यांना संख्यांच्या सहवासात अपार आनंद लाभतो, अशीही माणसे असतात. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर हे त्यांपैकीच एक. त्यांचा जन्म १९०५ साली डहाणू येथे झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकत असताना, १९२७ साली, स्वतंत्र गणिती कार्याबद्दल त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे पारितोषिक मिळाले. पुढे १९३० ते १९६२ पर्यंत ते नाशिकजवळील देवळाली येथे शाळाशिक्षक होते.

मुंबईजवळच्या एका रेल्वे स्थानकावर त्यांना काही विशेष संख्यांची कल्पना सुचली. त्या स्थानकाच्या नावावरून त्यांनी त्यांना ‘डेमलो संख्या’ असे नाव दिले. त्यांतील एक सतरा अंकी संख्या अशी आहे :

१२३४५६७८९८७६५४३२१

डावीकडून वाचा किंवा उजवीकडून, ती सारखीच! जणू एकापासून नवापर्यंत पायऱ्या चढाव्यात आणि तशाच उतराव्यात. ही संख्या म्हणजे नऊ वेळा एक लिहून होणाऱ्या १११११११११ या संख्येचा वर्ग होय.

हे नवल घडते कसे? त्यासाठी लहान उदाहरण घेऊ. १११ ला १११ ने गुणताना तीच संख्या तीन ओळींत, दर वेळी एक घर डावीकडे सरकवून मांडावी लागते. मग बेरजेत एककाच्या घरी १ हा अंक एकदा येतो, दशकाच्या घरी दोनदा, शतकाच्या घरी तीनदा, पुढे पुन्हा दोनदा आणि शेवटी एकदा. म्हणून उत्तर येते १२३२१. नऊ एकांच्या गुणाकारात अशा नऊ ओळी होतात. मधल्या घरात नऊ एक जमतात, त्यामुळे कोठेही हातचा घ्यावा लागत नाही.

प्रत्येक ओळीत नऊ एक, आणि ओळीही नऊ. म्हणजे एकूण एक्क्याऐंशी एक. म्हणूनच त्या मोठ्या संख्येतील अंकांची बेरीजही बरोबर ८१ भरते.

आता दहा एकांचा वर्ग करा. मधल्या घरात दहा एक जमतात, हातचा येतो आणि ती सुंदर रचना मोडते. उत्तर येते १२३४५६७९००९८७६५४३२१. अशा रीतीने, नवलाला कारण असते आणि मर्यादाही असते. ती दोन्ही शोधणे, हेच गणित.

कापरेकरांचे हे संशोधन त्या काळी अनेक गणितज्ञांना क्षुल्लक वाटे. तरीही त्यांनी आपला छंद सोडला नाही. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी एका अमेरिकन मासिकात त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा त्यांचे नाव जगभर पसरले. ६१७४ ही संख्या तर आज ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणून ओळखली जाते. १९८६ साली त्यांचे निधन झाले. त्यांच्याजवळ ना मोठे पद होते, ना प्रयोगशाळा. होते ते फक्त कागद, पेन्सिल आणि न थकणारे कुतूहल. गुणाकाराचे उत्तर मात्र करणाऱ्याचे पद पाहून बदलत नाही.

स्वाध्याय
१. ११११ चा वर्ग ओळी मांडून काढा व त्यातील अंकांची बेरीज करा.
२. दहा एकांच्या वर्गात रचना का मोडते, ते आपल्या शब्दांत लिहा.
३. ‘नवलाला कारण असते आणि मर्यादाही असते’ या वाक्याचा अर्थ उदाहरण देऊन स्पष्ट करा.