दिवसापुरती शिदोरी
(संकटकाळीं देवापासून मिळणाऱ्या सामर्थ्याविषयीं एक पाठ)



मागें एका वर्षीं पावसानें ओढ दिली होती. मृगाच्या आशेवर पेरलेली बाजरी श्रावण सरण्यापूर्वींच करपून गेली. त्या दिवसांत एकदां सकाळच्या प्रार्थनेनंतर नववीच्या वर्गांतील एक विद्यार्थी आमच्यापाशीं येऊन उभा राहिला. त्याच्या वडिलांची विहीर आटली होती, दोन जनावरें बाजारांत विकलीं गेलीं होतीं, आणि पुढील सहामाहीस आपण शाळेंत असूं कीं नाहीं, याची त्याला खात्री नव्हती. तो म्हणाला, "सर, आमच्या घरीं रोज प्रार्थना होते. आई तर उपासही करते. देव शक्ति देतो असें तुम्ही सांगतां. पण तो नेमकें काय देतो? पाऊस तर देत नाहीं."

शिक्षकाजवळ पुष्कळ प्रश्नांचीं उत्तरें तयार असतात. त्या दिवशीं आमच्याजवळ तें नव्हतें. "संध्याकाळीं ये, बोलूं," एवढेंच आम्ही म्हणालों. हा पाठ म्हणजे त्या प्रश्नाचें उशिरा दिलेलें उत्तर होय.

१. शास्त्र काय शिकवितें?

संकटावांचून ज्याचें आयुष्य गेलें, असा देवाचा एकही थोर सेवक पवित्र शास्त्रांत आम्हांस आढळत नाहीं. राजांच्या पहिल्या पुस्तकाचा १९ वा अध्याय उघडून पाहा. एलीया संदेष्टा जिवाच्या भीतीनें रानांत पळाला, एका झुडपाखालीं बसला, आणि आतां मरण यावें असें त्यानें मागितलें. अशा खचलेल्या माणसाला देवानें प्रथम काय दिलें? उपदेश दिला नाहीं, दोषही दिला नाहीं. झोप दिली, भाजलेली भाकर दिली, पाण्याचें भांडें दिलें. तो जेवला आणि पुन्हां निजला. तेव्हां त्याला दुसऱ्यांदा उठवून जेवूं घातलें, कारण पुढची वाट लांबची होती. त्याच्या जिवावर उठलेली राणी अद्याप राजवाड्यांतच होती. संकट होतें तेथेंच राहिलें. चालणारे पाय मात्र बळकट झाले.

निर्गमाच्या १६ व्या अध्यायांत मान्न्याची कथा आहे. रानांतून जाणाऱ्या इस्राएल लोकांना रोज सकाळीं अन्न मिळे, परंतु तें त्या दिवसापुरतेंच. शब्बाथाच्या आदल्या दिवशीं तेवढें दुप्पट गोळा करावयाचें. एरवीं ज्यांनीं उद्यांच्या काळजीनें तें ठेवून दिलें, त्यांच्या साठ्यांत किडे पडले.

प्रेषित पौल करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या १२ व्या अध्यायांत आपल्या देहांतील एका सलणाऱ्या पीडेविषयीं सांगतो. ती दूर व्हावी म्हणून त्यानें तीन वेळां विनंती केली. पीडा गेली नाहीं. ती सोसण्यापुरती कृपा मात्र त्याला लाभली. आणि प्रत्यक्ष आपल्या प्रभूनेंही गेथशेमाने येथें दुःखाचा प्याला टळावा अशी प्रार्थना केली होती. तो प्याला टळला नाहीं. लूककृत शुभवर्तमानांत असें सांगितलें आहे कीं, त्या रात्रीं त्याला बळ देण्याकरितां देवदूत आला.

या कथा एकत्र वाचल्या म्हणजे एक गोष्ट स्पष्ट दिसते. देव कधीं कधीं ओझें उतरवितो; परंतु नेहमीं उतरवीलच, असें त्यानें म्हटलेलें नाहीं. ओझें वाहण्याचें बळ मात्र तो देतो, आणि तें बळ वर्षाचें एकदम न देता दिवसाच्या मापानें देतो.

आम्ही मूळचे पंढरपूर तालुक्यांतील करकंबचे. आषाढांत उत्तरेकडून पंढरीस जाणाऱ्या कांहीं पालख्या आमच्या गांवावरून जातात. लहानपणीं आम्ही रस्त्याच्या कडेला उभे राहून वारकऱ्यांच्या रांगा पाहत असूं. साऱ्या वाटेचें धान्य पाठीवर घेऊन निघालेला वारकरी आम्हीं कधीं पाहिला नाहीं. मुक्कामापर्यंत चालावयाचें, मुक्कामीं मिळेल तें खावयाचें, आणि पहाटे पुन्हां उठावयाचें, ही त्यांची रीत. आमचा धर्म निराळा. तरी वाट कशी चालावी हें आम्ही प्रथम त्यांच्याकडे पाहूनच शिकलों, असें म्हणण्यास आम्हांस संकोच वाटत नाहीं.

२. पंडिता रमाबाईंचें उदाहरण

शास्त्रांतील माणसें फार जुन्या काळचीं, असें कोणी म्हणेल. म्हणून आपल्या भाषेंत बोललेल्या, आपल्याच मुलखांत वावरलेल्या एका स्त्रीकडे वळूं.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजीं कर्नाटकांतील गंगामूळ येथील अरण्यांत झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनीं लोकनिंदा सोसून पत्नीस संस्कृत शिकविलें, आणि त्या मातेनें तें आपल्या मुलीस दिलें. पुढें दक्षिणेंत मोठा दुष्काळ पडला. १८७४ च्या सुमारास थोड्याच महिन्यांच्या अंतरानें वडील, आई आणि थोरली बहीण हीं तिघेंही गेलीं. सोळा वर्षांच्या रमाबाई आणि त्यांचे बंधु श्रीनिवास हीं दोघें देशभर पायीं हिंडूं लागलीं. भूक लागली म्हणजे रानबोरें आठळ्यांसकट गिळावीं, अशी स्थिति होती. पंजाबांत झेलम नदीच्या कांठीं थंडीपासून वांचण्यास पांघरूण नव्हतें, म्हणून दोघांनीं वाळूंत खड्डे खणले आणि डोकें तेवढें बाहेर ठेवून अंगावर कोरडी वाळू ओढून घेतली. हें सारें रमाबाईंनीं स्वतः लिहून ठेविलें आहे.

१८७८ सालीं तीं भावंडें कलकत्त्यास पोहोंचलीं. तेथील विद्वानांनीं रमाबाईंचें संस्कृत ऐकून त्यांस 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या दिल्या. परंतु १८८० सालीं श्रीनिवास वारले. त्याच वर्षीं रमाबाईंनीं बिपिनबिहारी मेधावी या वकिलांशीं विवाह केला, आणि १८८२ च्या फेब्रुवारींत पटकीनें त्यांचेंही निधन झालें. त्या वेळीं रमाबाईंचें वय तेवीस होतें, आणि मनोरमा ही कन्या एक वर्षाचीही झाली नव्हती. त्याच वर्षीं त्या पुण्यास आल्या आणि त्यांनीं आर्य महिला समाजाची स्थापना केली. सोलापूर व पंढरपूर येथेंही त्या समाजाच्या शाखा निघाल्या. पुढें त्या इंग्लंडास गेल्या, आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजीं वाँटेज येथें त्यांनीं बाप्तिस्मा घेतला.

येथें आपण थांबून विचार करूं. विश्वास धरल्यावर रमाबाईंचीं संकटें संपलीं काय? मुळींच नाहीं. त्यांना ऐकूं कमी येत असे, आणि तो त्रास तसाच राहिला. ११ मार्च १८८९ रोजीं त्यांनीं मुंबईस विधवांकरितां शारदासदन उघडलें. दुसऱ्या वर्षीं तें पुण्यास नेलें. १८९३ सालीं धर्मांतराच्या संशयावरून मोठें वादळ उठलें, पुष्कळ पालकांनीं आपल्या मुली काढून नेल्या, आणि ज्या पुढाऱ्यांचा आधार होता तेही दूर झाले. तरी उरलेल्या मुलींना घेऊन सदन चालूच राहिलें.

त्यानंतर १८९६-९७ चा दुष्काळ आला. मध्यप्रांतांत मुली व तरुण विधवा अन्नावांचून रस्त्यावर पडल्या आहेत, हें ऐकून रमाबाई स्वतः तेथें गेल्या. भूक म्हणजे काय हें त्यांना ग्रंथांतून शिकावें लागलें नव्हतें. त्यांनीं तेथून सुमारें तीनशें मुली व स्त्रिया आणल्या. पुण्यांत तेव्हां प्लेगचे निर्बंध होते. म्हणून केडगांव येथें पूर्वीं घेऊन ठेविलेल्या जमिनीवर त्यांची सोय करण्यांत आली. तेंच पुढें १८९८ सालीं मुक्तिसदन झालें. १९०० च्या दुष्काळांत गुजरातेंतूनही मुली आणल्या, आणि सदनाची वस्ती दीड हजाराच्या वर गेली. एवढ्या जिवांचें रोजचें अन्न देवापाशीं मागावयाचें आणि त्याच दिवशीं शेतांत, मागावर, गोठ्यांत व छापखान्यांत काम करावयाचें, असा तेथील क्रम होता. त्या घरांत प्रार्थना हें आळसाचें निमित्त झालें नाहीं, आणि कामाच्या घाईंत प्रार्थनाही मागें पडली नाहीं.

शेवटचें दुःख सर्वांत जड होतें. आपल्यामागें सारें कार्य मनोरमाबाई सांभाळतील अशी आशा असतां त्या १९२१ सालीं वारल्या. रमाबाई तेव्हां थकल्या होत्या, आणि इब्री व ग्रीक मूळ भाषांवरून केलेल्या मराठी बायबलाच्या भाषांतराचें काम अद्याप हातांत होतें. त्यांनीं तें टाकलें नाहीं. रोज जेवढें झेपेल तेवढें तपासीत त्या शेवटापर्यंत आल्या. ५ एप्रिल १९२२ रोजीं त्यांनीं देह ठेविला, आणि मुक्तिसदनाच्याच छापखान्यांत स्त्रियांच्या हातून छापलें गेलेलें तें बायबल १९२४ सालीं प्रसिद्ध झालें.

दुष्काळी मुलखांत जाणाऱ्या, किंवा मुलीच्या मृत्यूनंतर मुद्रितें तपासणाऱ्या रमाबाईंना एकदम सगळें बळ कोणी दिलें नव्हतें. त्यांना त्या दिवसाचें मिळत गेलें, आणि त्यांनीं तें त्याच दिवशीं खर्च केलें.

३. आमच्या घरची एक गोष्ट

रमाबाई थोर होत्या. आम्ही सामान्य माणसें, आमचें काय? या शंकेसाठीं आमच्या आजीची गोष्ट सांगतों.

१९७२ च्या दुष्काळांत सोलापूर जिल्हा होरपळून निघाला. त्या वेळीं उजनीचें धरण पुरें झालें नव्हतें. आमच्या भागांत आज ऊंस दिसतो, तेथें तेव्हां फुफाटा उडत होता. आजी दुष्काळी कामावर खडी फोडावयास जात असे. मजुरी मिळे, मिलो ज्वारी मिळे, मुलांकरितां सुकडी मिळे. त्याच उन्हाळ्यांत आमचे धाकटे काका, वय वर्षें तीन, अतिसारानें दोन दिवसांत गेले. तिसऱ्या दिवशीं आजी हातोडा घेऊन पुन्हां कामावर गेली, कारण घरीं आणखी चार तोंडें होतीं. शेजारच्या पाटीवर एक बाळंतीण होती. तिच्या वांट्याची खडीही आजीनें कित्येक दिवस फोडली.

हें सर्व आम्हीं मोठेपणीं ऐकलें, तेव्हां बी.ए. च्या वर्गांत शिकत असल्यामुळें आमच्या अंगीं प्रश्न विचारण्याचा उत्साह होता. आम्हीं विचारलें, "आजी, तूं एवढी प्रार्थना करीत होतीस, मग देवानें काकांना कां वांचविलें नाहीं?"

आजी बराच वेळ कांहीं बोलली नाहीं. मग म्हणाली, "ते काय मला कळलं न्हाई, लेकरा. पर दुसऱ्या दिशी उठता आलं. ते माझ्या जिवावर न्हवं, एवढं कळलं."

त्यानंतर आम्हीं पुष्कळ ग्रंथ वाचले. दुःखाविषयीं याहून खरें उत्तर आम्हांस अद्याप मिळालेलें नाहीं. आजीनें देवाची वकिली केली नाहीं, आणि आपलें दुःख लपविलेंही नाहीं. जें कळलें नाहीं तें कळलें नाहीं म्हटलें; जें मिळालें तें मिळालें म्हटलें.

४. मग आपण काय करावें?

पहिली गोष्ट, देवापुढें खरें बोलावें. रडणें म्हणजे अविश्वास नव्हे. स्तोत्रसंहितेंत स्तुति आहे तशाच तक्रारीही आहेत, आणि त्या दोन्ही देवापुढेंच मांडलेल्या आहेत.

दुसरी गोष्ट, आजच्यापुरतें मागावें. सहा महिन्यांनंतरची काळजी आज उचलली, तर तिच्यासाठीं बळ कोठून येणार? तें अजून दिलेलेंच नाहीं. आजचा अभ्यास, आजची भाकर, आजचा धीर, एवढें मागण्याची संवय लावावी.

तिसरी गोष्ट, हात जोडावे तसे ते चालवावेही. आजारी माणसानें प्रार्थना करावी आणि औषधही घ्यावें. फीची अडचण असेल तर शिष्यवृत्तीचा अर्ज वेळेवर भरावा. एलीयाला भाकर मिळाली, परंतु चालावें त्यालाच लागलें.

चौथी गोष्ट, आपलें ओझें मंडळीस सांगावें आणि दुसऱ्याचें थोडें आपण घ्यावें. देवाचें साहाय्य पुष्कळदां माणसांच्या पायांनीं दाराशीं येतें. दार लावून घेतलेल्या घरांत तें कसें शिरणार?

तो विद्यार्थी त्या संध्याकाळीं आला. आमचें बोलणें फारसें झालें नाहीं. आम्हीं त्याला जेवावयास बसविलें, एवढेंच. पाऊस त्या वर्षीं झाला नाहींच, आणि विकलेलीं जनावरेंही परत आलीं नाहींत. परंतु त्याच्या वडिलांनीं संकोच सोडून आपली अडचण मंडळींतील वडील माणसांस सांगितली. दोन घरांनीं मिळून फी भरली, एका घरानें पेंड व कडबा दिला. वर्षाच्या शेवटीं तो परीक्षेस बसला व उत्तीर्ण झाला. जातांना म्हणाला, "सर, पाऊस कां पडला नाहीं तें अजून कळलें नाहीं." आम्ही म्हणालों, "आम्हांसही नाहीं." आणि आम्ही दोघेही हंसलों.

मित्रहो, पुढची वाट लांबची आहे. प्रभु तुम्हांस दर मुक्कामीं त्या दिवसाची शिदोरी देवो, आणि तींतील अर्धी भाकर शेजाऱ्यास देण्याची बुद्धिही देवो.

मननासाठीं प्रश्न

(१) एलीयाला देवानें प्रथम उपदेश न करितां अन्न व झोप कां दिली असावी?
(२) रमाबाईंच्या बाळपणींच्या भुकेचा पुढें इतरांस काय उपयोग झाला? तुमच्या एखाद्या दुःखाचा असा उपयोग होऊं शकेल काय?
(३) या आठवड्यांत तुमच्या वर्गांतील कोणाची खडी तुम्ही फोडूं शकाल?