व्हाईट हाऊसचा जीर्णोद्धार

जुन्या घराच्या तुळया बदलावयाच्या झाल्या, म्हणजे घरातील माणसे आपले बिऱ्हाड काही दिवस शेजारी किंवा आप्तांकडे हलवितात. असाच प्रसंग एकदा अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांवर आला, आणि त्यांना तीन वर्षांहून अधिक काळ दुसऱ्या घरात राहावे लागले.

वॉशिंग्टन येथील राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानास 'व्हाईट हाऊस' म्हणतात. त्याची कोनशिला १७९२ साली बसविण्यात आली. १८१४ साली इंग्रज सैन्याने ही वास्तू जाळली. परंतु लवकरच ती पुन्हा उभी राहिली. पुढे प्रत्येक पिढीने तीत काही ना काही भर घातली. कधी पाण्याचे नळ आले, कधी गॅसच्या नळ्या, तर कधी विजेच्या तारा. त्यांना वाट देण्यासाठी भिंती फोडल्या गेल्या, लाकडी तुळयांना खाचा पडल्या. १९२७ साली पोटमाळ्याच्या जागी पोलाद व काँक्रीटचा मजला चढविला. त्याचा भार खालच्या जुन्या भिंतींवर पडला. बाहेरून वास्तू पूर्वीसारखीच देखणी दिसत होती. आतून मात्र ती खचत चालली होती.

१९४५ साली हॅरी ट्रूमन राष्ट्राध्यक्ष झाले. घरातील जमीन पावलांखाली हलते, झुंबरे डुलू लागतात, हे त्यांच्या ध्यानात आले. १९४८ साली तर त्यांच्या कन्येच्या पियानोचा एक पाय लाकडी जमीन फोडून खाली गेला! तज्ज्ञांनी तपासणी केली व घर राहण्यास धोक्याचे ठरविले. त्याच वर्षी नोव्हेंबरात ट्रूमन यांचे कुटुंब रस्त्यापलीकडील ब्लेअर हाऊसमध्ये राहावयास गेले.

हे घर लहान होते. मोठे समारंभ तेथे होत नसत. १९४९ च्या ऑक्टोबरात पंडित नेहरू अमेरिकेस गेले, तेव्हाही ट्रूमन यांचा मुक्काम तेथेच होता. ते घर अगदी रस्त्याला लागून असल्याने सुरक्षितही नव्हते. १ नोव्हेंबर १९५० रोजी दोन सशस्त्र माणसांनी त्यावर हल्ला चढविला. ट्रूमन बचावले, परंतु त्यांचे रक्षण करताना लेस्ली कॉफेल्ट या पोलीस शिपायाने प्राण गमावले.

इकडे जुन्या वास्तूचे काय करावे, हा प्रश्न होता. ती साफ पाडून नवी बांधावी, असाही एक विचार पुढे आला. अखेर बाहेरच्या दगडी भिंती राखून आतील सर्व बांधकाम नव्याने करावे, असे ठरले. आतील भाग पोकळ करण्यासाठी बुलडोझर हवा होता. पण त्यासाठी भिंतीला मोठे भगदाड पाडण्यास ट्रूमन यांची संमती नव्हती. तेव्हा कामगारांनी त्याचे भाग सुटे करून आत नेले व तेथे पुन्हा जोडले! भिंतींखाली खोल, नवा पाया घातला गेला. आत पोलादी सांगाडा उभा राहिला. मात्र आतील जुने लाकूडकाम पुष्कळसे परत बसविता आले नाही.

२७ मार्च १९५२ रोजी ट्रूमन स्वगृही परतले. पुढे दोनच दिवसांनी, आपण पुन्हा निवडणूक लढविणार नाही, असे त्यांनी जाहीर केले. जानेवारी १९५३ मध्ये त्यांनी ते घर सोडले. तीन वर्षांहून अधिक काळ गैरसोय सोसणाऱ्या या गृहस्थाच्या वाट्यास नव्या घरातील दहा महिनेही आले नाहीत.

परंतु ते घर त्यांचे स्वतःचे नव्हतेच. ते राष्ट्राचे होते. भिंतींना वरवर रंग देऊन त्यांना आपला काळ काढता आला असता. मग खचलेल्या तुळयांचा धोका त्यांच्यामागून येणाऱ्यांवर ओढवला असता. जे आपल्या हाती काही काळापुरते येते, ते भक्कम करूनच पुढच्याच्या हाती द्यावे, हेच खऱ्या विश्वस्ताचे कर्तव्य होय.